एकतीस चेहऱ्यांचा बाण

हडपसरात फ्लेक्सचं दुकान चालवायचं तर आधी माणसांच्या चेहऱ्यांना घाबरायला शिकावं लागतं. वाढदिवस कुणाचाही असो, खाली शुभेच्छुकांची रांग हवीच, आणि एखाद्याचा फोटो शेजारच्यापेक्षा जरा लहान दिसला की तो दुसऱ्या दिवशी दारात हजर. बावीस वर्षं मी हेच करतेय. गिऱ्हाईक सांगेल तिथे चेहरा चिकटवायचा आणि मोकळं व्हायचं. डिझाइन-बिझाइन कुणी मागत नाही, आणि मागितल्याशिवाय द्यायला मला वेळ नाही.

गेल्या मे महिन्यात सीतारामकाका आले. टपालखात्यातून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीतला माणूस. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत त्यांनी मुलांसाठी अभ्यासिका काढली होती. दोन महिन्यांत चार पोरं आली. महिनाअखेरीपर्यंत तीस नावं झाली नाहीत तर खोली मंडपवाल्याला सामान ठेवायला द्यायची, असं कमिटीत ठरलं होतं. काकांचा सगळा जीव त्या खोलीत. म्हणून फ्लेक्स. सोबत त्यांची नात पूर्वा, नुकतीच नववीची परीक्षा दिलेली.

"एकतीस फोटो आहेत, ताई. एकही गाळायचा नाही," काका म्हणाले.

मी नेहमीप्रमाणे बसवले. पाहुणे मोठे, कमिटी मध्यम, बाकीचे खाली बारीक. पूर्वा माझ्या मागे उभी. थोड्या वेळाने म्हणाली, "काकू, यात अभ्यासिका कुठंय?"

मला रागच आला. कालची पोर, मला शिकवते. पण बघितलं तर खरंच, 'अभ्यासिका' हा शब्द कुणाच्या तरी फेट्याखाली दबला होता.

"मग काढून टाकू फोटो?" मी म्हटलं.

"नाही," काका आधी बोलले. "या माणसांनी खोली झाडली, रंग दिला, बाकं उचलून आणली. यांतल्या कितीकांचा फोटो आजवर आधार कार्डाशिवाय कुठंच छापलेला नाही."

पूर्वा काकांच्या मागोमाग घरी गेली. मला वाटलं, मिटलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ही बया शटरसमोर उभी, हातात वहीचं पान. पानावर गोलच गोल, पेन्सिलीने काढलेले. एकतीस गोलांचा मिळून एक मोठा बाण. वर नुसतं 'अभ्यासिका' आणि खाली 'रोज पाच ते नऊ. या.' बाकी सगळं मोकळं.

"सगळे राहतात आणि रस्तापण दाखवतात," ती म्हणाली. बोलताना तिला धाप लागत होती. रात्रभर हेच डोक्यात होतं म्हणे.

खरं सांगते, असलं मला कधी सुचलं नसतं. मी तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. माझ्या खुर्चीवर मी नवऱ्यालासुद्धा बसू देत नाही, पण बसवलं. पोरीने अक्षर मोठं केलं, लहान केलं, डावीकडे सरकवलं, परत आणलं. "थांबा ना काकू, इथे श्वास घ्यायला जागा पाहिजे," असं फ्लेक्सबद्दल बोलायची. तीन दिवस जेवायला घरून फोन आल्याशिवाय उठली नाही. शाळेत हिला चित्रकलेत जेमतेम मार्क, कारण हिला देखावे काढायचा कंटाळा. असलं काही काम जगात असतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

काका बघायला आले. बराच वेळ चष्मा वरखाली केला. "सगळे एकाच मापाचे?"

"हो," पूर्वा म्हणाली. "नाहीतर बाण वाकडा दिसतो."

"आणि टोकाला सरुबाई?" सरुबाई म्हणजे विहार झाडणारी बाई. तिथे कमिटीचे अध्यक्ष हवे होते, हे मलाही कळत होतं.

"त्यांचं पातळ पिवळं आहे, आजोबा. टोक लांबून उठून दिसतं."

काकांनी चष्मा पुसायला घेतला. "छापा," एवढंच म्हणाले. अध्यक्षांची समजूत त्यांनी कशी काढली ते मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी पूर्वाचा फोन. "काकू, घोळ झाला. पोरांनी फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडच्या खांबांना बांधलाय. बाण सलूनमध्ये घुसतोय. दोन मुलं आत जाऊन बसलीसुद्धा."

विहाराच्या बाजूला खांबच नव्हता. ते बघायचं तिच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. बावीस वर्षं काय केलं मी? ती धावत दुकानात आली. सगळं उलटं फिरवलं तर अक्षरंही उलटी होणार, म्हणून तिने एकेक चेहरा उचलून बाण नव्याने रचला. सतरा मिनिटं लागली, मी घड्याळ बघत होते. छापलं, कडांना दोरीसाठी रिंगा मारल्या आणि शाईचा ओला वास असतानाच स्कूटरवर टाकून नेलं. दुसऱ्यांदा बांधताना ती रस्त्यात उभी राहून पोरांना ओरडत होती, अजून वर, अजून, बास.

मग लोक थांबायला लागले. जो तो आधी आपला चेहरा शोधायचा, मग पोराला दाखवायचा, आणि चालत चालत बाण नेईल तिकडे जायचा. संध्याकाळपर्यंत चौतीस नावं झाली. मी त्या दिवशी उगाचच सगळ्यांना चहा पाजला.

चार दिवसांनी काका दुकानात आले, जरा घुश्शातच. "ताई, सगळ्या वस्तीची पोरं अभ्यासिकेत बसलीत. आमचीच तेवढी नाही. यंदा दहावी आहे तिची."

पूर्वा आत माझ्या खुर्चीवर, एका लाँड्रीच्या पाटीचं डिझाइन करत. "आजोबा, पाचच मिनिटं," ती मान न वळवता म्हणाली.

काका स्टुलावर बसले. पाचाची वीस मिनिटं झाली. तिने एक अक्षर केसभर सरकवलं, मागे झुकून पाहिलं, आणि स्वतःशीच हसली. काका पाटीकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

"ताई," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "याचं रीतसर शिक्षण असतं का कुठं?"

"असतं की. बारावीनंतर. प्रवेशपरीक्षा द्यावी लागते."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. "सावकाश सांगा," म्हणाले, "लिहून घेतो."