आपांची परीक्षा

वहिनीला ताप चढला तेव्हा तिचं बाळ सहा दिवसांचं होतं. गावातल्या सुईणीनं दोन दिवस काढे दिले. तिसऱ्या दिवशी वहिनी माणसं ओळखेनाशी झाली, तशी वडिलांनी बैलगाडी जुंपली. देवगाव रंगारीपर्यंत गाडीनं आणि तिथून एसटीनं औरंगाबाद. भाऊ तेव्हा फौजेत होता, दूर आसामकडं. बाळाला शेळीचं दूध पाजत आई घरीच राहिली. मी कन्नडला मामाकडं राहून नुकतीच मॅट्रिक झाले होते. "कागदं वाचायला तरी चल," म्हणून वडिलांनी मला सोबत घेतलं.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्याला दहा-बारा वर्षं लोटली होती, पण सरकारी दवाखान्यातल्या कपाटांत अजून उर्दूतल्या वह्या रचलेल्या होत्या. नवे केसपेपर मात्र इंग्रजीत. वहिनीला बाळंतिणींच्या वॉर्डात टाकलं. तिच्या अंगाला वास येत होता, केसांच्या जटा झाल्या होत्या. खरं सांगायचं तर मी पदर नाकाला लावून दोन हात लांब उभी होते.

तेवढ्यात पांढऱ्या साडीतली एक किडकिडीत बाई आली. पंचेचाळिशीची असावी. सगळे तिला आपा म्हणत होते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "क्या देखरी? गरम पानी ला."

मी पाणी आणलं. आपांनी वहिनीला डोक्यापासून पायापर्यंत पुसून काढलं. नुसतं पुसलं नाही, प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी सांगितलं, "अब हात धुलाती हूँ, अब करवट करती हूँ." वहिनी शुद्धीत नव्हती, तरी सांगितलं. पाठीला स्पिरिट चोळलं, वर पावडर लावली. मग मला बाजूला बसवलं आणि वहिनीच्या छातीकडं बोट दाखवलं. "साँसां गिन, बेटा. भिंतीवरच्या घड्याळात सेकंदाचा काटा एक फेरा मारेपर्यंत. जास्ती झाले तो मेरेकू बोल."

मी मोजत बसले. दुपारी आकडा एकाएकी वाढला. मी धावत जाऊन सांगितलं, आपांनी डॉक्टरांना उठवून आणलं, आणि त्या दिवसापासून वहिनीला पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. चौदा दिवसांनी ती स्वतःच्या पायांनी व्हरांड्यात चालत गेली. औषधानं ती वाचली हे खरंच. पण औषध देईपर्यंत तिला जिवंत ठेवलं ते त्या पुसण्यानं, कुशी बदलण्यानं आणि श्वास मोजण्यानं, हे मला तेव्हाच कळून चुकलं होतं.

निघायच्या दिवशी आपांनी वडिलांसमोरच मला विचारलं, "पढ़ी-लिखी है. नर्सां का स्कूल है इधर. आती क्या?"

वडील म्हणाले, "आमच्यात पोरी असलं काम करत नाय, बाई."

आपा रागावल्या नाहीत. त्यांना मराठी चांगलं येत होतं, वडिलांशी त्या मराठीतच बोलल्या. "पाटील, तुमच्या सुनेचं सगळं आम्ही केलं. आम्हीबी कुणाच्या तरी लेकीच आहोत ना?"

वडिलांनी वहिनीचं गाठोडं उचललं आणि आम्ही एसटी धरली. देवगावला उतरून गाडीवानाची वाट बघत बसलो, तेव्हा बिडी विझवत वडिलांनी विचारलं, "अर्ज कधी करावा लागतो, विचारलंस का?"

आईला ते पटलं नाही ते नाहीच. "कुणाकुणाचं काय काय उचलशील," एवढंच ती म्हणाली आणि पुढं चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

नर्सिंगच्या शाळेत आम्ही अकराजणी होतो. बऱ्याचशा केरळातून आलेल्या किंवा मिशनच्या शाळांत शिकलेल्या. शेतकऱ्याच्या घरातली मी एकटी. आमच्या ट्यूटर सिस्टरही केरळच्याच, उंच, कडक इस्त्रीच्या. त्यांचं मराठी मोडकंतोडकं, पण त्या ते हट्टानं बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला खाट घालायला शिकवली, चादरीचे कोपरे कसे मोडायचे ते. माझा कोपरा सात वेळा उसकटला. नंतर त्या म्हणाल्या, "नर्स म्हणजे आया नाही. नर्स म्हणजे डॉक्टरचा मोलकरीण पण नाही. नर्सचं स्वतःचं शास्त्र आहे. ते शिकायला तुम्ही आला आहे." स्वतःचं शास्त्र! माझ्या गावात बाईच्या कुठल्याच कामाला शास्त्र म्हणत नव्हते. तो शब्द मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते.

पहिल्या सुटीला घरी गेले, तर आईनं मला दारातच थांबवलं. परसात पाणी काढून ठेवलं होतं. अंघोळ कर, मग आत ये. माझी पिशवीही बाहेरच ठेवायला लावली. दुसऱ्या सुटीलाही तेच. पाणी डोक्यावर घेताना रडू यायचं. त्या दुसऱ्या वेळी वहिनी कडेवर पोर घेऊन परसात आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली.

"तू कशाला आलीस?" आईनं विचारलं.

"आत्याबाई, मलाबी त्याच दवाखान्यात धुतलंय. वन्संनी न् त्या बाईनी मिळून. यांना बाहीर ठेवणार आसाल तर मलाबी ठेवा."

आई आत निघून गेली. पुढच्या सुटीला परसात पाणी नव्हतं. न्हाणीत चूल पेटलेली होती आणि आईनं माझ्यासाठी शिकेकाई उकळून ठेवली होती.

आता आपांविषयी. दुसऱ्या वर्षी मला त्यांच्या वॉर्डात पाठवलं. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, सगळं उर्दूतून. इंग्रजी अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. औषधं त्या बाटलीच्या आकारावरून, रंगावरून, वासावरून ओळखत आणि वीस वर्षांत एकदाही चुकल्या नव्हत्या. एक दिवस नवा साठा आला. औषधाच्या फेरीत आपांनी ट्रेवरची निळी बाटली उचलली, झाकण उघडलं आणि थांबल्या. वॉर्ड भरलेला, नातेवाईक उभे, एक तरुण डॉक्टर शेजारी. त्या सगळ्यांसमोर त्यांनी बाटली माझ्यापुढं धरली.

"पढ़ के बता. मेरेकू अंग्रेजी आती नई."

मी वाचलं. ते पोटात घ्यायचं औषध नव्हतं, सांध्यांना चोळायचं होतं. जुन्या औषधाच्याच रंगाच्या बाटलीत आलेलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. आपा शांतपणे म्हणाल्या, "बास पे शक हुआ." वासावरून संशय आला, एवढंच. नंतर मी त्यांना विचारलं, सगळ्यांसमोर असं विचारायला अवघड नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "शरम मेरी, जान उसकी. कौनसी बड़ी?"

पुढं कितीतरी मोठ्या पदांवर मी काम केलं. शंका आली की कुणालाही, अगदी पहिल्या वर्षाच्या मुलीलासुद्धा, विचारायचं, हे मी त्या फेरीत शिकले.

त्याच साली वरून आदेश आला. यापुढं नर्सच्या जागेवर परीक्षा पास झालेली, नोंदणी झालेलीच नर्स हवी. जुन्या लोकांनी परीक्षा द्यावी. आदेश चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. कुणीही उठून पांढरी साडी नेसावी, असा तो काळ संपायलाच हवा होता. पण त्या आदेशात आपाही सापडल्या.

दुपारी दोन ते चार वॉर्ड जरा निवांत असायचा. मागच्या व्हरांड्यात बसून मी त्यांना इंग्रजी शिकवू लागले. उर्दूच्या सवयीनं त्या पाटीच्या उजव्या बाजूनं सुरुवात करायच्या, मग जीभ चावून पाटी पुसायच्या. त्या बदल्यात त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. रोगी खचतो आहे हे नाडीच्या आधी नखांवर कसं दिसतं. घाबरलेल्या बाईशी बोलताना उभं न राहता तिच्या खाटेच्या उंचीवर कसं बसायचं. मेलेल्या माणसाला धुताना आवाज का चढवायचा नाही.

आपांनी परीक्षा दिली. प्रात्यक्षिकात परीक्षकांनी त्यांची तारीफ केली. इंग्रजीतल्या लेखीत त्या नापास झाल्या. तीन तासांत त्यांनी दीड पान लिहिलं होतं.

मग ते झालं. नियमाप्रमाणं त्यांना आयाच्या जागेवर घातलं. सोमवारी सकाळी आपा हिरव्या काठाच्या जाड साडीत वॉर्डात आल्या. ज्या वॉर्डाच्या त्या इतकी वर्षं प्रमुख होत्या, तिथंच आता झाडू आणि भांडी. आम्ही मुली टेबलाभोवती बसून तक्ते भरत होतो. कुणाला वर बघायचा धीर होईना. ट्यूटर सिस्टर तिथंच होत्या. नियमाच्या इतक्या पक्क्या की चादरीच्या एका सुरकुतीसाठी आख्खी खाट पुन्हा घालायला लावायच्या. त्या खुर्चीतून उठल्या. सरळ उभ्या राहिल्या. मग आम्ही सगळ्या उभ्या राहिलो.

"गुड मॉर्निंग, सिस्टर," त्या आपांना म्हणाल्या.

आपांनी मान हलवली आणि कोपऱ्यातला झाडू उचलला. वर्षभर हे असंच चाललं. त्या वॉर्डात आल्या की आम्ही उठायचो. ना त्यांनी कधी आम्हाला बसा म्हटलं, ना आम्ही कधी विसरलो. आणि झाडू मारता मारता त्या हळूच सांगून जायच्या, "चार नंबर की पीठ देख," किंवा "उस बच्ची कू पेशाब नई हुई सुबह से." आम्ही जाऊन बघायचो आणि ते तसंच असायचं.

एक दिवस ट्यूटर सिस्टरांनी मला बोलावून विचारलं, "त्यांना मराठी येतो का?"

"बोलायला उत्तम येतं."

"मग मराठीत पेपर का नाही? मी लिहून विचारते."

त्यांनी वर पत्र पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, मराठीत लिहायला हरकत नाही. मी पळत व्हरांड्यात गेले. आपा हसायला लागल्या. "मराठी तो मेरी अम्मा के दूध में थी. लिखना सिखा." आम्ही मुलांची अंकलिपी आणली. बाराखडी त्यांनी महिन्याभरात धरली. वेलांट्यांचा मात्र शेवटपर्यंत घोळ. उत्तरं त्या लिहायच्या मराठीत, पण मधेच "मरीज" आणि "हिफाजत" यायचंच. मी पुसायला गेले तर ट्यूटर सिस्टर म्हणाल्या, "राहू दे. परीक्षकला समजेल."

निकालाचा कागद ट्यूटर सिस्टर स्वतः वॉर्डात घेऊन आल्या. आपांच्या हातात बेडपॅन होतं. सिस्टरांनी कागद पुढं केला, तशा आपा म्हणाल्या, "ठहरो, ये रख के आती." त्या गेल्या. बेडपॅन रिकामं केलं, धुतलं, जागेवर ठेवलं. मग कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि येऊन कागद घेतला. स्वतः वाचला, बोट ठेवून, एकेक अक्षर, मोठ्यानं. "उत्तीर्ण" या शब्दापाशी जोडाक्षरात अडकल्या. आम्ही कुणी मदत केली नाही. तिसऱ्यांदा तो शब्द त्यांनी नीट म्हटला. ट्यूटर सिस्टर खिडकीकडं तोंड करून उभ्या होत्या, बराच वेळ.

मीही त्याच साली पास झाले. पहिली नेमणूक सोयगावला. तिथं पहिले सहा महिने बायका मला दारात उभं करायच्या नाहीत. पण वहिनीसारख्या तापातून एक बाळंतीण उठली आणि मग बोलावणी यायला लागली. आई एकदा भेटायला आली तेव्हा बाजारात एका अनोळखी बाईला आपणहून सांगत होती, "माझी लेक सिस्टर हाय इथं." मी भाजी निवडायचं सोंग करून ऐकत राहिले.

पुढं शहरातच शिकवायला परत आले. नर्सिंगची पदवी आली, मुलगे शिकायला आले, पांढऱ्या साड्या जाऊन सुटसुटीत पोशाख आले. बदल मी डोळ्यांनी पाहिले आणि ते मला आवडले. आज माझ्या विद्यार्थिनींना कुणी परसात अंघोळ करायला लावत नाही. घरचे लोक कर्ज काढायला तयार असतात, पण मुलगी नर्स व्हावी म्हणतात.

निवृत्तीनंतर आपा शहागंजच्या मागे एका गल्लीत राहत होत्या. ट्यूटरची नेमणूक मिळाली त्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले. आभार मानायचं ठरवून गेले होते. वाक्यं जुळवली होती. म्हटलं, "आपा, त्या दिवशी तुम्ही वडिलांना विचारलं नसतं तर..."

"तो कोई और पूछता," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "नई पूछता कोई. मालूम है मेरेकू." आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. माझी बाकीची वाक्यं तशीच राहिली, पण त्यांना ती पोहोचली असावीत. चहा झाल्यावर त्या उठल्या. शेजारची म्हातारी साखरेच्या दुखण्यानं पायाला जखम होऊन पडली होती, तिला बघायचं होतं. आम्ही दोघी तिकडं गेलो. आपा म्हातारीच्या खाटेशी खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू देख. अब तू उस्तानी है, पढ़ानेवाली."

मी जखम पाहिली. म्हातारीला विचारलं, दुखतं का. ती बोलत राहिली आणि आम्ही दोघी ऐकत बसलो.