पंपाची बाजू

आमच्या गल्लीत त्यांना सगळे स्टेशनमास्तर म्हणतात. प्रत्यक्षात नोकरी केली ती पाणीपुरवठा खात्यात, नकाशे काढण्याची. निवृत्तीनंतर ते मागच्या खोलीत बसून वीतभर लांबीची रेल्वे इंजिनं बांधू लागले. "आमच्याकडे गाड्या वेळेवर सुटतात, जेवणाला तेवढे हे लेट," असं त्यांची बायको सांगते.

खोक्यातून सुटे भाग येतात. ते नुसते जोडून त्यांचं समाधान होत नाही. पितळी तारेचे कठडे, खऱ्या कोळशाचा चुरा, चाकांशी तेलकट धूळ. ही धूळसुद्धा भिंगातून बघत बारीक ब्रशानं लावायची. "चकचकीत इंजिन कधी धावलेलं नसतं," ते म्हणतात.

या वर्षी त्यांनी दादाचं इंजिन हाती घेतलं. थोरला भाऊ सव्वीस वर्षं ते इंजिन चालवत होता, आणि आता एकेक माणूस विसरत चालला होता. आधी शेजारी, मग सून. एकदा वहिनींचा फोन आला. "भावोजी, काल मला विचारत होते, बाई, तुम्ही कधीपासून आहात कामाला? म्हटलं, चाळीस वर्षं झाली, पगार अजून ठरायचाय." हसता हसता त्यांनी फोन ठेवून दिला.

स्टेशनमास्तरांनी धसकाच घेतला. दादाच्या मनातून आपण पुसले जाण्याआधी हे काम व्हायला हवं. इंजिन हातात घेऊन दादानं एकदा ओळखीची हाक मारावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण अलीकडे त्यांचाच हात थरथरत होता. ब्रेकचा पंप शेंगदाण्याएवढा. तीनदा कथलाचा डाग दिला, तीनदा वाकडा बसला. शेवटी मनगटाखाली पुस्तकांची चळत ठेवून, श्वास रोखून त्यांनी तो बसवला. फोटो एकच होता: इंजिनाचं तोंड उजवीकडे, दादा टेकून उभा, त्याच्या पाठीआड नंबर झाकलेला. पंप मात्र स्पष्ट दिसत होता.

इंजिन रुमालात गुंडाळून ते दादाकडे गेले. दादा खिडकीशी बसला होता. त्यानं इंजिन मांडीवर घेतलं, कठड्यावरून बोट फिरवलं. वहिनी दारातच थांबल्या.

"दादा, ओळखलंस?"

"न ओळखायला काय झालं? माझंच आहे." बोट पंपाशी येऊन थांबलं आणि चेहरा बदलला. "हा इथं कुणी लावला? पंप डावीकडे असतो. तुम्ही केलंत का हे?"

जन्मभर 'तू' म्हणणाऱ्या भावाचं हे पहिलं 'तुम्ही'.

"हो," स्टेशनमास्तर म्हणाले. "चुकलं माझं."

"चुकतं हो नव्या माणसाचं." दादानं इंजिन परत दिलं. "असं करा, माझ्या धाकट्याला नेऊन द्या. त्याचा हात चांगला आहे. तो करील नीट."

"देतो," ते म्हणाले, आणि रुमालाची गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला.

घरी येऊन त्यांनी फोटो भिंगाखाली धरला. दादाच्या सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर होता. छापणाऱ्यानं निगेटिव्ह उलटी धरली होती, त्यामुळे डावं ते उजवीकडे आलं होतं. धुळीचा कण चुकू न देणाऱ्या माणसाला दोन महिन्यांत खिसा दिसला नव्हता.

त्यांनी पंप उतरवला आणि बुजवलेल्या भोकावर रंग दिला. पंप मात्र बाटलीच्या झाकणात पडून राहिला. दर रविवारी ते फोन करत, तेव्हा पलीकडून दादाचा आवाज येई, "धाकट्याचं झालं का काम?" आणि वहिनी म्हणत, "चाललंय म्हणे."

"लावून टाका की आता," बायको म्हणाली.

"लावलं की तो विचारायचा थांबेल."



गेल्या रविवारी फोनवर वहिनी बराच वेळ बोलल्या. मागून दादाचा आवाज आला नाही. "दादा जागा आहे ना?" स्टेशनमास्तरांनी विचारलं. "जागेच आहेत," वहिनी म्हणाल्या.

सोमवारी सकाळी स्टेशनमास्तरांनी पुस्तकांची चळत टेबलावर ओढली आणि झाकणातला पंप चिमट्यानं उचलला. तो दोनदा निसटला.