कायाकमधली पुढची जागा

मुलगी गेली त्या उन्हाळ्यात नवऱ्याने कायाक घेतली. गेली म्हणजे, जन्मली तेव्हाच ती श्वास घेत नव्हती. सातवा महिना संपत आला होता. आम्ही तेव्हा वाखनिंगन नावाच्या डच गावात राहायचो. मी युनिव्हर्सिटीत डाळींच्या प्रथिनांवर काम करायचे आणि तो गाडीने नायमेखनला चिप डिझाइनच्या नोकरीवर जायचा.

बाळंतपणाची रजा मला पूर्ण मिळाली. त्या रजेत मी काय केलं ते नीटसं आठवत नाही. घरात भाजी येत होती, कपडे धुतले जात होते, म्हणजे मीच ते करत असणार. अंगावर दूध आलं तेव्हा हाऊसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी ते कसं थांबवायचं ते समजावून सांगितलं आणि विचारलं, "रडू येतं का?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "येईल." मी सायकल घेऊन घरी आले.

नवरा मूळचा अलिबागकडचा. लहानपणी वडिलांबरोबर खाडीत गळ टाकून बसायचा. इथे आल्यापासून त्याने कधी मासेमारीचं नावही काढलं नव्हतं, पण त्या उन्हाळ्यात तो दर शनिवारी कायाक गाडीच्या टपावर बांधून झेलांडला, समुद्राच्या एका मोठ्या खाडीत जायला लागला. तिथे झेबार्स नावाचा मासा मिळतो. "आपल्या जिताड्याचा लांबचा भाऊ," असं तो म्हणायचा. जिवंत मासा आमिष म्हणून लावायला इथे बंदी आहे, पण जिवंत अळी चालते. त्या बोटभर जाड, असंख्य पायांच्या समुद्री अळ्या तो शुक्रवारीच आणायचा आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये विरजणाच्या भांड्यामागे ठेवायचा. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पुण्याला माझ्या माहेरी अंडंसुद्धा गॅलरीत स्टोव्हवर उकडलं जायचं. तेव्हा मी फक्त भांड्यावर झाकण ठेवलं.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी तो बूट घालता घालता म्हणाला, "येतेस?"

"चल," मी म्हटलं. त्याने एक बूट हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

कायाक दोघांची होती. ती दोघांची का घेतली हे मी कधी विचारलं नव्हतं. त्याने मला लाइफ जॅकेट घातलं, पट्टे ओढून पाहिले आणि पुढच्या जागेवर बसवलं. तो मागे बसला. वल्हंही तोच मारत होता. भरती संपत आली होती, पाणी राखाडी होतं आणि वारा फारसा नव्हता. किनाऱ्यावरच्या पवनचक्क्या मागे पडल्यावर त्याने वल्हं आडवं ठेवलं आणि अळ्यांचा डबा माझ्याकडे पुढे सरकवला.

"एक काढ. डोक्याच्या मागे धर, चावतात."

मी भलतीकडे धरली. अळीने तोंडातले दोन काळे चिमटे बाहेर काढून माझ्या बोटात रुतवले. मी बघत राहिले. रक्ताचा थेंब आला.

"अगं, सोडव तिला!" तो मागून ओरडला.

"हो," मी म्हटलं आणि सोडवली. त्याने ती माझ्याकडून घेऊन गळाला लावली, दोर पाण्यात सोडला आणि रॉड माझ्या हातात दिला.

बराच वेळ काहीच झालं नाही. भरती थांबली, पाणी स्थिर झालं. कायाकमध्ये एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. म्हणूनच असेल, तो बोलायला लागला.

"मी तिला घेतलं नाही."

मी वळले नाही. हॉस्पिटलमध्ये नर्सने तिला पांढऱ्या कापडात गुंडाळून आणलं होतं. मी घेतलं होतं. तो खोलीतून बाहेर गेला होता.

"मला वाटलं, घेतलं तर मला पुढे जमणारच नाही," तो म्हणाला. "तू कशी घेतलीस?"

"त्यांनी दिली."

मग त्याने विचारलं, "जड होती का?"

"नाही. पण दिसत होती त्या मानाने जड होती."

तेवढ्यात रॉड वाकला. इतका जोरात की माझा हात कायाकच्या कडेवर आपटला. "वर धर! टोक वर!" तो ओरडत होता आणि ओरडता ओरडता रडत होता. ते मला आवाजावरून कळलं. कायाकचं तोंड माशाच्या दिशेने फिरलं. मासा दोर ओढत खाली गेला, पुन्हा वर आला. मी रीळ फिरवत राहिले. तो सांगेल तेव्हा थांबले, सांगेल तेव्हा फिरवलं. चंदेरी पाठ पाण्यावर आली तेव्हा त्याने मागून जाळी टाकली आणि मासा माझ्या मांडीवर आला. गार होता. शेपटीचे फटके माझ्या पोटावर बसत होते. मी दोन्ही हातांनी त्याला दाबून धरलं.

नवऱ्याने नाक पुसलं, पट्टी लावून मासा मोजला. कायद्याच्या मापात बसत होता.

"सोडायचा का?" त्याने विचारलं.

"कशाला? खाऊ या."

घरी त्याने मासा साफ केला, हळद-मीठ लावलं, लसूण ठेचला आणि कोकमाचं आगळ घालून कालवण केलं. मी लग्नानंतर मासे खायला शिकले होते. दोन तुकडे खाल्ले. चव खारट एवढीच कळली. तो मात्र वाटी पुसून जेवला आणि सोफ्यावरच झोपला.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी सकाळी अलिबागला सासूबाईंना फोन असायचा. त्यांच्याशी मुलीबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो, त्यांनीही विचारलं नव्हतं. हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, एवढंच चालायचं. त्या दिवशी तो हवेबद्दल बोलता बोलता एकदम म्हणाला, "आई, तिला जावळ खूप होतं." तेवढं त्याने दारातून पाहिलं असणार.

मग त्याने फोनवर हात ठेवून मला विचारलं, "नाक कुणासारखं होतं गं?"

"तुझ्या आईसारखं. जरा बसकं."

त्याने ते फोनवर सांगितलं. मग पलीकडचं ऐकून घेतलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "आईला तुझ्याशी बोलायचंय."

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "बोटं कशी होती? लांब होती का?"

मी खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. मग त्यांनी रंग विचारला, कान विचारले, पायाला अंगठ्याशेजारचं बोट मोठं होतं का ते विचारलं. मी एकेक सांगत गेले. मला सगळं ठाऊक होतं.