हरिपूरची पेवं आणि रंगूनहून आलेला सदा

अहमदाबादच्या मिलीत खाडा केला आणि निघालो. रंगूनवर बॉम्ब पडले, तेव्हा तिथली आपली माणसं रान तुडवत चालत देशी आली. त्यांत माझी आत्या आणि तिचा सतरा वर्षांचा सदा होता. आत्याचे मालक तिकडंच गेले. मायलेक आता सांगलीशेजारी हरिपूरला हळदीच्या कामावर आहेत, एवढं कळलं होतं.

पुण्यापुढं गाडी पलटणीच्या लोकांनी ठासलेली. कोरेगावपर्यंत एका पायावर उभा. जाणार असाल तर भाकरी बांधून घ्या, वाटेत काही मिळत नाही. मिरजेला गाडी बदलून सांगली, पुढं टांगा. दोन आणे सीट. तीन मागतात, देऊ नका. रस्ता चिंचांच्या सावलीतला, लय गार.

टांग्यातून उतरतोय तोच पारावरची पोरं ओरडली, "सद्या, इमान आलं रं!" समोरून येणारा सदा धाडकन मातीत पालथा, डोक्यावर हात. पोरं हसली. मोठी माणसंसुद्धा हसली! त्यांतल्या दोन पोरांच्या कानाखाली वाजवूनच आत्याच्या घरात शिरलो.

"अंगणातच निजतो," आत्या म्हणाली. "दार लावलं की वरडतो. बॉम्ब पडलं तवा खंदकात बापलेक दोगंबी गाडलं गेलं हुतं. ह्यो तेवढा निघाला."

हरिपुरात हळद जमिनीखाली ठेवतात. वर माणूस जाईल एवढं तोंड, आत खोलीएवढा खड्डा. त्याला पेव म्हणतात. बघण्यासारखं आहे. सकाळी बघायला गेलो, तर मुकादम सदाच्याच कमरेला दोर बांधत होता. हवा तपासायला कंदील आधी खाली सोडलेला.

"कंदील जळतोय, हवा हाय. उतर!"

"आवं मुकादम, हे काय?"

"पाव्हणं, हिरीत ढकललं की पोरगं पवायला शिकतं. भ्या असंच मोडतं. तुमच्या आत्यानंच सांगितलंय."

आत्या मागं उभी, पदर तोंडात. "समदी म्हणली, बरा हुईल..."

माझं डोकंच फिरलं. "गाडलेल्या पोराला परत गाडता व्हय? कंदील सोडून हवा बघता, त्याला इचारलं का कुणी?" त्याच्या कमरेचा दोर मीच सोडला.

तेव्हा सदा बोलला. "मी वर ऱ्हातो. दोर धरतो. खालच्याला सोडणार न्हाई."

"बायकांचं काम करतो म्हणं!" मुकादम हसला. पण एक हमाल पुढं झाला. "धरू दे की. मी उतरतो." तो वर येईस्तोवर सदानं दोरावरचा हात काढला नाही.

निघताना मुकादमाला बजावलं, पोराला पेवात उतरवायचं नाही. म्हणाला, "तुमी हाय तवर ठीक."

एवढं रान चालून ती माणसं आपल्यात आली, आणि आपण त्यांची गंमत केली! मिलीत पुन्हा रजा मागितलीय. रजा देणारा जॉबर म्हणतो, "आत्ताच तर आलास."

आलो, व्हय. सदा तिथंच हाय की!