निम्म्या व्होल्टेजची इस्त्री

गडमुडशिंगीत आमचं इस्त्रीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोळशाची इस्त्री मोडीत घातली आणि विजेची घेतली. तेव्हापासून संध्याकाळी नदीकाठचे पंप सुरू झाले की इस्त्री गार. शेजारच्या गिरणीतल्या मीटरचा काटा दोनशे तीसवरून एकशे पंधरावर यायचा.

आण्णांचा हिशेब सरळ होता. व्होल्टेज निम्मं, तर उष्णता निम्मी. मग इस्त्री दुप्पट वेळ दाबून धरायची. कांजी केलेल्या धोतरावर ते सगळा भार टाकून उभे राहायचे. सुरकुती हलायची नाही. मला ते बघवायचं नाही आणि रागही यायचा.

मी तेव्हा राजारामपुरीत बारावीच्या क्लासला जायचो. एका संध्याकाळी दुकानाच्या फळीवर खडूनं मांडून दाखवलं.

"पूर्ण व्होल्टेजला चार अँपिअर करंट जातोय. दोनशे तीसला चारनं भागलं की कॉइलचा रोध, साडेसत्तावन्न ओहम. गुणलं की पॉवर, नऊशे वीस वॅट. रोध तोच ऱ्हातोय, म्हणून व्होल्टेज निम्मं झालं की करंटबी निम्मा. एकशे पंधरा गुणिले दोन, दोनशे तीस वॅट. निम्मी न्हाय आण्णा, चौथाई. आणि तेवढी उष्णता ओलं कापडच खाऊन टाकतंय."

"म्हंजे कितीबी दाबून धरली तरी न्हाय तापायची?"

"न्हाय."

इस्त्री तशीच धोतरावर धरून ते फळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं शिकलास, ते ह्ये सांगाय व्हय?"