पेटीत न टाकलेलं पाकीट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला — आरतीला — तर नाहीच. चौथीपर्यंत शिकले, लिहायची सवय नाही. पण तोंडानं निघत नाही, म्हणून लिहून ठेवते.

त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. पुंडलिकनगरच्या मागं आमची गल्ली, तिथं आठवड्याला एक टँकर यायचा. शेजारी तेवढ्या नव्या इमारती उठत होत्या — त्यांना पाणी कुठून मिळायचं, देव जाणे. शेजारची कोमल आरतीच्या वर्गातली. तिची आई आदल्या वर्षी दवाखान्यातच वारली. टँकरच्या दिवशी मी कामाला निघायचे आणि कोमल स्वतःच्या ड्रमांबरोबर आमचेही भरायची. "काकू, तुम्ही जावा बिनघोर. तुमच्या ड्रमाला कुणी हात लावला तर पाइपानंच झोडपते," म्हणायची.

काम म्हणजे उस्मानपुऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासात झाडू-फरशी. तिथं विद्यार्थ्यांची निबंध स्पर्धा लागली. शिक्षण डिजिटल फॉरेन्सिकचं — मोबाइलमधलं पुसलेलं परत कसं काढायचं, ते. आपल्याला हे का शिकायचंय, ते हातानं लिहून पेटीत टाकायचं. पहिला येईल त्याला वर्षभर फुकट शिकवणार. जागा एकच. दोघींना सांगितलं कुणी? मीच.

आरतीचा निबंध आधीच पेटीत पडला होता. शेवटच्या दिवशी सकाळीच टँकर आला, म्हणून कोमलनं पाकीट माझ्या हातात दिलं. "विसरलात ना काकू, तर ड्रम उपडे करीन."

विसरले असते तर बरं झालं असतं.

पाकीट चिकटवलेलं नव्हतं. क्लासच्या जिन्यावर बसून वाचलं — एकेक अक्षर लावत. तिनं लिहिलं होतं, आईनं दवाखान्यातून मोबाइलवर बोलून पाठवलेले निरोप बाबांच्या हातून पुसले गेले. बाबांकडं दुसरा मोबाइल नाही, ते तोच वापरतात. मला आईचा आवाज परत काढायचाय.

आरतीचा निबंध मी पाहिला होता. देशसेवा, गुन्हेगारांना शिक्षा, सुंदर अक्षर. ती जागा कुणाची आहे, हे कळायला चौथीची अक्कल पुरली.

पेटी चार पावलांवर होती. मी काय केलं? फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसली — आणि पाकीट पिशवीत घालून घरी आणलं.

घरी आमचे ड्रम काठोकाठ भरलेले. वर झाकणं, झाकणांवर दगड. कोमल दारात ओली चिंब.

"टाकलं ना काकू?"

"व्हय."

आरती पहिली आली. पेढे वाटायला माझ्यासोबत कोमलच फिरली. "माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, काकू. वाचलं पण नसंल कुणी," ती म्हणाली. पुढं ती शेंद्र्याला एका कंपनीत पॅकिंगला लागली. आरती पुण्यात मोबाइल तपासायच्या नोकरीला.

गेल्या दिवाळीत आरती घरी आली, तर कोमल बाबांचा तोच मोबाइल घेऊन आली. आईच्या निरोपांचं तिनं आरतीला तेव्हा पहिल्यांदाच सांगितलं. आरतीनं दोन दिवस खटपट केली. मग म्हणाली, "काहीच नाय राहिलं गं. इतकी वर्षं वापरात होता, जुन्याच्या जागी नवं बसत गेलं. तेव्हाच कुणी बघितलं असतं, तर कदाचित..."

"तेव्हा कोण होतं आपल्यात हे शिकलेलं?" कोमल हसून म्हणाली.

मी चहा गाळत होते. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? कप तिच्या हातात दिला. "लई गोड केलाय काकू," म्हणाली, आणि सगळा प्यायली.

लेकीची माया होती, असं म्हणणार नाही. कोमलही कुणाची लेकच होती.

पाकीट ट्रंकेत आहे, साड्यांच्या खाली. त्यातलं एक अक्षरही पुसलेलं नाही.