नांगरच आहे रे
घोरपड हे काही त्याचं खरं नाव नव्हे. एकदा धरलं की सोडायचा नाही, म्हणून बोटीवरच्या मंडळींनी चिकटवलेलं. लढाईआधी बोट मासे धरायची. आता शत्रूनं बंदराच्या तोंडाशी पेरलेले सुरुंग काढायची. मागं लांब वायर सोडायची, तिनं सुरुंगाला तळाशी बांधून ठेवणारा दोर कापायचा, तो वर तरंगला की लांबून गोळी घालायची. घोरपड विंच, म्हणजे ती वायर गुंडाळायचं यंत्र, चालवायचा. वायरीवर तळवा ठेवून काय अडकलंय ते सांगायचा.

वायर गुंडाळताना सगळ्यांनी डेकवर यायचं, स्फोट झालाच तर उडी टाकता यावी, असा नियम. खाली राहायचा फक्त इंजिनवाला. आणि इंजिनवाला कोण, तर घोरपडचा सख्खा मेहुणा! बायकोनं निघताना बजावलं होतं, "माझ्या भावाला घेऊन आलात तरच दार उघडीन."

आदल्या दिवशी वायर जड लागली म्हणून त्यानं सगळ्यांना तासभर ताटकळत ठेवलं, आणि निघाला काय, तर गंजका नांगर. कप्तानानं चारचौघांत खरडपट्टी काढली. आज पुन्हा तसंच जड लागलं. पण पुन्हा हसं कोण करून घेणार? त्यानं गुंडाळणं चालूच ठेवलं.

पाण्यातून लोखंडी शिंगं वर आली. वायरीत गुरफटलेला अख्खा सुरुंग, बोटीपासून दोन हातांवर! घोरपडनं विंच थांबवला. आग लागो त्या मानपानाला! आता वायर ढिली सोडत बोट पुढं काढायची, लांब गेल्यावर वायर तोडायची. इंजिनाचा एक हिसका बसला, शिंग बोटीला टेकलं, की सगळं संपलं.

खाली इंजिनाशी बोलायच्या नळीला तोंड लावून तो म्हणाला, "नांगरच आहे रे बाळा. हळूहळू पुढं घे हं."

"परत नांगर? दाजी, भंगाराचं दुकान काढा की!" खालून आवाज आला.

बोट सरकली. सुरुंग लाटेवर डुलला, जवळ आला, मागं गेला. पन्नास हात. शंभर. तीनशे. मग वायरीवर कुऱ्हाड पडली, गोळी सुटली आणि पाण्याचा डोंगर उभा राहिला.

मेहुणा वर आला तो पांढराफटक. "मला तेव्हाच कळलं, दाजी. आजवर गाढवाशिवाय दुसरी हाक मारलीत कधी?"

"तुझा हात थरथरेल, म्हणून..." घोरपड ओशाळला.

"थरथरलाच. डाव्यानं उजवा दाबून धरला." त्यानं तेलकट हात पुसले. "पण उद्या खरोखर नांगर निघाला, तर मला पटायचं कसं?"

घोरपड विंचाला नवी वायर चढवायला लागला. लढाई अजून दोन वर्षं चालायची होती.